साडेपाच ते सात

आमच्या घरात पहाटे साडेपाच ते सात या वेळात बोलायची बंदी असे. बंदी अर्थातच मी घातलेली. घरात माणसे दोनच, मी आणि आमची ही. तेव्हा ती कोणावर होती हे निराळे सांगायला नको. त्या दीड तासात कुकरची शिटी व्हायची नाही, मिक्सर लागायचा नाही, रेडिओ उघडायचा नाही. दूधवाल्याला ताकीद होती, की घंटी दाबायची नाही, पिशवी दाराच्या कडीला अडकवून मुकाट्याने पुढे जायचे. मुलगा पुण्याला, मुलगी नाशिकला. त्यांनीही त्या वेळात फोन करायचा नाही. समोरच्या निंबावरच्या साळुंक्या तेवढ्या माझ्या हुकमतीबाहेर होत्या. त्यांना मी मोठ्या मनाने क्षमा करीत असे.

कारण त्या वेळात मी योग करीत असे.

मी योगाकडे वळलो तो पाठदुखीमुळे. पुढे पुढे मी लोकांना सांगू लागलो, की मला लहानपणापासून तत्त्वज्ञानाची ओढ होती. पण ते खरे नव्हे. छत्तीस वर्षे पाटबंधारे खात्याच्या कचेरीत एकाच खुर्चीवर बसून मी २०१३ साली निवृत्त झालो. खात्याने निरोपाला नारळ दिला आणि खुर्चीने पाठदुखी दिली. जळगावातले दोन डॉक्टर झाले, एक वैद्य झाले, शेकण्याची पिशवी झाली. तेवढ्यात संयुक्त राष्ट्रांनी २१ जून हा योगदिन ठरविला आणि २०१५ साली तो पहिल्यांदा साजरा झाला. गावोगाव मैदानांवर चटया पडल्या. तशी एक चटई मीही घेतली. 'दोन दिवसांनी हिच्यावर पापड वाळत घालू,' असे ही म्हणाली. पण चटई पापडांच्या वाट्याला आली नाही. सहा महिन्यांत माझी पाठ थांबली, रक्तातली साखर उतरली, आणि मेहरूण तलावाला फेरी मारताना जी धाप लागत असे तीही गेली. आसनांचा आणि प्राणायामाचा हा गुण मी आजही नाकारीत नाही. जे मिळाले ते मिळाले.

पण माणसाची पाठ सरळ झाली की मान आपोआप ताठ होते, असा माझा अनुभव आहे. वर्षभरात मी कॉलनीतला 'योगिराज' झालो. पहिल्याने कोणीतरी थट्टेने म्हटले असावे. पण मला ते थट्टेसारखे लागले नाही. मी पुस्तके आणली. पतंजलीचे यम-नियम पाठ केले. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योग्याच्या बैठकीचा भाग पाठ केला: शुचि जागा, दर्भाचे आसन, वर मृगाजिन, त्यावर वस्त्र, देह, मस्तक आणि मान एका रेषेत, दृष्टी नाकाच्या शेंड्यावर. मृगाजिन मिळेना, म्हणून सोलापुरी चादरीची घडी घातली. बाजारात भाजी घेताना मी भाजीवालीला अपरिग्रह समजावून सांगत असे, आणि तेवढ्यात कोथिंबिरीची जुडी फुकट मागत असे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे तेव्हा मनात आले नाही.

आणि राग? राग तर फारच वाढला होता. पण तो साडेपाच ते सात या वेळाच्या बाहेरचा, म्हणून मी तो हिशेबात धरीत नसे. एकदा सव्वासहाला घरात चमचा पडला, त्यावरून मी आठ वाजेपर्यंत बोललो. 'चित्तवृत्तींचा निरोध म्हणजे काय ते तुला कळायचं नाही,' असे मी हिला म्हणालो. ही म्हणाली, 'नाही कळत खरं,' आणि चहा गाळायला गेली.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. गेली कित्येक वर्षे ते मी कोणाला सांगितलेले नाही. फक्त एका माणसाला सांगितले, आणि त्या माणसाला ते आधीच ठाऊक होते.

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. संक्रांत चार दिवसांवर आली होती. खानदेशचा उन्हाळा सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असतो, पण आमची थंडीही काही कमी नाही. केळीची पाने करपतात अशी पडते. मी आतल्या खोलीत दार लोटून बसलो होतो. आसने झाली होती, प्राणायाम झाला होता, डोळे मिटून ध्यान चालले होते. इतक्यात न्हाणीघराच्या बाजूने धप्प असा आवाज झाला. पाठोपाठ बादली घरंगळल्याचा आवाज.

मी डोळे उघडले नाहीत. मी फक्त मोठ्याने म्हणालो, 'श्श!'

आणि मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्या आवाजाकडे साक्षीभावाने पाहू लागलो. आवाज आला, आवाज गेला. मी आवाज नव्हे. असे म्हणता म्हणता मन निवत गेले. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी ध्यान फार चांगले लागले.

सात वाजले. चहाचा वास आला नाही. मी बाहेर आलो. ही न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. अंगावर ओला टॉवेल ओढून घेतला होता, ओठ पांढरे पडले होते. मला पाहून ती म्हणाली,

'झालं का तुमचं?'

'अगं, हाक नाही का मारायचीस?'

'अजून साडेसहासुद्धा वाजले नव्हते,' ती म्हणाली.

खुब्याचे हाड मोडले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रेची काच उजेडावर धरून मोडलेली जागा मला दाखविली. ऑपरेशन झाले, पट्टी आणि स्क्रू बसले. डॉक्टरांनी सहज विचारले, 'पडल्यावर किती वेळाने उचललंत?' मी म्हणालो, 'चाळीस मिनिटं झाली असतील. मी ध्यानात होतो. मला आवाजच आला नाही.'

ते खोटे एकदा तोंडातून गेले आणि मग ते मला सगळीकडे सांगावे लागले. मुलगा पुण्याहून आला, त्याला सांगितले. मुलगी रडत होती, तिला सांगितले. कॉलनीतले एक गृहस्थ फळे घेऊन आले होते. ते ऐकून त्यांनी चक्क हात जोडले. 'काय समाधी म्हणायची ही!' ते म्हणाले. पलंगावर ही डोळे मिटून पडली होती. ती जागी होती की झोपेत, हे पाहण्याचा मला धीर झाला नाही.

यमांमध्ये पहिली अहिंसा आणि दुसरे सत्य. दोन्ही एकाच पहाटे गेली होती. आसनाला पतंजलीने सबंध योगसूत्रांत तीनच सूत्रे दिली आहेत. आणि त्या तिनांवर मी तीन वर्षे घालविली होती.

धुळ्याहून आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, म्हणून तिनेच मला वाढविले. वय अठ्ठ्याहत्तर, एका डोळ्यात मोतीबिंदू. कोणाला न कळविता एसटीत बसली आणि पिशवीत कळण्याचे पीठ घेऊन दारात उभी राहिली. तिला ही 'वन्सं' म्हणते, पण दोघींचे नाते मायलेकींचे. आक्काने पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात दिले. 'मी म्हातारी, मी तिच्यापाशी बसेन. भाकरी तू कर,' म्हणाली. स्वतः स्टूल घेऊन दाराशी बसली आणि तिथून हुकूम सोडू लागली.

वाचकहो, आपल्यापैकी किती पुरुषांनी कळण्याची भाकरी थापली आहे मला ठाऊक नाही. ज्वारी आणि अख्खे उडीद दळून केलेले ते पीठ. उडदामुळे त्याला चिकटपणा असतो, म्हणून ते नुसत्या ज्वारीसारखे लगेच तडकत नाही. नवशिक्याला सोपे, असे आक्का म्हणे. मला ते सोपे मुळीच गेले नाही. पाणी कडकडीत हवे, पण हात भाजता कामा नये. पीठ तळहाताच्या टाचेने रगडायचे, बोटांनी नव्हे. परातीत थापताना भाकरी आपली आपण फिरली पाहिजे. तव्यावर टाकली की वरच्या अंगाला पाण्याचा हात फिरवायचा, तो सुकण्याच्या आत उलटायची. मग शेवटी विस्तवावर, म्हणजे हल्लीच्या गॅसवर, फुगवायची. पहिल्या आठवड्यात मी भाकरीसुद्धा 'साक्षीभावाने' करायला गेलो. भाकरी आली, भाकरी करपली. आक्काने घरकामाच्या बाईला अहिराणीत सांगितले, 'हाऊ भाऊ काय भाकर करी!' आणि दोघी खूप हसल्या. आतून हिचेही हसू ऐकू आले. ऑपरेशननंतर ते पहिलेच.

मी त्या दोन महिन्यांत पुष्कळ शिकलो. भांडे ठेवायचे, उष्टे काढायचे, तिला उठवून बसवायचे, वॉकरला हात लावून द्यायचा. रात्री तिने कूस बदलली तरी मला जाग येई. पूर्वी हत्ती गेला असता तरी आली नसती. पहाटेची चटई तशीच गुंडाळून कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे पाहिले की तो धप्प आवाज कानात होई.

एकदा रात्री भांडी विसळताना आक्काने पाठीमागून विचारले, 'बापू, तुला आवाज आला नव्हता का रे?'

'नाही आक्का.'

'बरं,' ती म्हणाली. पुन्हा विचारले नाही.

मार्चमध्ये नाशिकहून मुलगी चार दिवसांसाठी आली, तेव्हा आक्काला पोचवायला मी धुळ्याला निघालो. रविवार होता. एरंडोल, पारोळा करीत एसटी दुपारी धुळ्याला लागली. आक्काचे घर जुन्या गावातल्या एका गल्लीत. धुळ्याच्या गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत, एका रांगेत आखलेल्या. लहानपणी आम्हांला तो पाढ्यांसारखा प्रकार वाटे. घरात नानांचे, म्हणजे आमच्या वडिलांचे, लाकडी कपाट अजून आहे. त्यातून आक्काने एक पुस्तक काढले. पुठ्ठा सुटलेला, पाठीला कापडाची पट्टी लावलेली. विनोबांची 'गीता प्रवचने'.

'आज रविवार आहे,' आक्का म्हणाली. 'मी दर रविवारी एक अध्याय वाचते. आता डोळ्यांनी होत नाही. सहावा चालू आहे, वाच.'

या पुस्तकाची हकिकत खानदेशात घरोघर ठाऊक असते, तरी सांगतो. १९३२ साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशा अठरा रविवारी गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली. ऐकणारे सगळे बंदिवान. त्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातली शिक्षकी सोडून ते सत्याग्रहात पडले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. गुरुजींनी ते लिहून घेतले नसते, तर त्या अठरा रविवारांचे बोलणे तुरुंगाच्या भिंतींतच राहिले असते. आमचे नाना तेव्हा वीस वर्षांचे, धुळ्यातच शिकत होते. रविवारी मित्रांबरोबर त्या भिंतीच्या कडेने आपण फिरायला जात असू आणि आत काय चालले आहे याचा आपल्याला पत्ताही नव्हता, असे ते म्हणत. पुढे पुस्तक हाती आले तेव्हा त्यांना त्याची फार हळहळ वाटली. सगळी प्रवचने पन्नास पावलांवर झाली आणि आपल्याला एक शब्द ऐकू आला नाही!

मी वाचू लागलो. सहाव्या अध्यायात विनोबा चित्ताच्या एकाग्रतेविषयी बोलले आहेत. मला वाटले होते, आसन कसे घालावे, डोळे कसे मिटावे, हे असेल. त्यांचा रोख निराळाच निघाला. एकाग्रता हवी तर सगळ्या दिवसाला माप हवे, खाण्याला, झोपेला, बोलण्याला. आणि जगाकडे पाहण्याची दृष्टी मंगल हवी. ज्याला चारी बाजूंना वैरी दिसतात त्याचे चित्त कुठून स्थिर होणार? मला पडलेला चमचा आठवला, कुकरच्या शिट्या आठवल्या. साडेपाच ते सात मी त्या सगळ्यांशी लढाई मांडून बसलो होतो.

'थांब जरा,' आक्का म्हणाली. 'तुरुंगात कुठला आला रे एकान्त? ती कुलपं, ती भांडी, ते पहारेकऱ्यांचे बूट. त्यात बसून हा माणूस एकाग्रता सांगतो. आणि दुसरा माणूस कान देऊन ऐकतो. ऐकणारा होता म्हणून पुस्तक झालं, बापू.'

मी पान उलटायचे निमित्त करून खाली पाहिले. आमच्या जळगावच्या बहिणाबाई चौधरींचेही असेच. त्या बाईंना अक्षरओळख नव्हती. शेतात राबताना, घरकाम करताना त्या गाणी रचीत. घरातल्या मुलांनी कान देऊन ती टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली गाण्यांचे पुस्तक निघाले. प्रपंचाचे जे तत्त्वज्ञान मी जाड जाड ग्रंथांत शोधीत होतो, ते ही बाई माझ्याच गावात चुलीपाशी बसून सांगून गेली होती. घरातल्या बाईचे बोलणे ऐकण्यासारखे असते, हे कोणाच्या तरी वेळेवर लक्षात आले.

त्या रात्री आक्काकडे मला झोप आली नाही. उठलो, दिवा लावला आणि गीतेचा सहावा अध्याय मुळातून पुन्हा काढला. मी जो पाठ केला होता तो दर्भाचे आसन आणि नाकाचा शेंडा यांपाशी, म्हणजे तेराव्या श्लोकाशी, संपत होता. त्यापुढे मी गेलोच नव्हतो. बत्तिसाव्या श्लोकात श्रेष्ठ योगी कोणता ते सांगितले आहे: जो स्वतःवरून दुसऱ्याचे सुख आणि दुःख ओळखतो, तो. अध्याय तोच, पान तेच. मध्ये अठरा श्लोक.

सकाळी धुळ्याहून अमळनेरला गेलो. माझी सासुरवाडी अमळनेर. हिच्या भावाने तिच्यासाठी आधाराची काठी घडवून ठेवली होती, ती आणायची होती. माझे मेहुणे निवृत्त मास्तर. मास्तरांच्या हाती पाहुणा सापडला की गाव दाखविल्यावाचून ते सोडत नाहीत. त्यांनी मला तत्त्वज्ञान मंदिराकडे नेले. श्रीमंत प्रतापशेठ हे गिरणीमालक. सुतावर आणि कापडावर पैसा मिळविला आणि १९१६ साली तो तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी घातला. बोरी नदीकाठच्या या लहानशा गावात शंकराचार्यांच्या वेदान्ताचा खल करायला लांबलांबून पंडित येत. साने गुरुजीही पहिल्याने आले ते तिथेच. पण मंदिरात त्यांचा जीव रमला नाही, ते शाळेत गेले. आणि तिथे वसतिगृहातल्या पोरांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे घड्या घालणे हे करीत बसले. ब्रह्म आणि झाडू हे दोन्ही अमळनेरात एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर होते.

'आणि तुमच्या योगाचंही मूळ इथलंच की,' मेहुणे म्हणाले. मला हे ठाऊक नव्हते. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे स्वामी कुवलयानंद, म्हणजे मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, हे अमळनेरच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सरकारने १९२३ साली ते महाविद्यालय बंद पाडले आणि १९२४ साली गुण्यांनी लोणावळ्याला आश्रम काढला. योगाविषयी भलभलते चमत्कार सांगितले जात त्या काळात हा माणूस बडोद्याच्या इस्पितळात उड्डियान आणि नौली करणाऱ्यांना क्ष-किरणांच्या यंत्रापुढे उभा करीत होता. पोटात कुठे दाब कमी होतो, किती होतो, हे मोजीत होता. नौलीत पोटाच्या पोकळीत जो अंशतः निर्वात होतो, त्याला त्यांनी आपल्या गुरूंचे, मालसरच्या माधवदासजींचे, नाव दिले. गुरूवर श्रद्धा पुरेपूर. पण पुराव्यावाचून एक शब्द लिहायचा नाही. 'योगमीमांसा' हे त्यांचे त्रैमासिक याच शिस्तीने निघाले.

मेहुणे उत्साहाने सांगत होते आणि मला दुसराच एक्स-रे दिसत होता. काळ्या काचेवरचे ते हिचे हाड, मध्ये तुटलेले. माझ्या साधनेचे तेवढे एकच मोजमाप झाले होते, आणि त्यावर मी खोटी सही केली होती.

काठी घेऊन मी संध्याकाळच्या गाडीत बसलो. बाभळीची, गुळगुळीत घासलेली, खाली रबर बसविलेले. गाडीत जागा नव्हती, म्हणून दाराशी उभा राहिलो. दोन्ही बाजूंना कापूस वेचून झालेली रिकामी शेते. धरणगाव गेले, पाळधी गेले. घरी जाऊन सांगायचे, असे मी ठरवीत होतो. आणि प्रत्येक स्टेशनाला ते थोडे थोडे पुढे ढकलीत होतो. मुलगी जाऊ दे, मग सांगू. ती चालू लागू दे, मग सांगू.

घरी पोचलो तेव्हा मुलगी दुकानात गेली होती. ही पलंगावर बसून लसूण सोलीत होती. मी काठी तिच्या हाती दिली. तिने ती उलटसुलट पाहिली, भावाच्या हाताची घडण ओळखून हसली. मी पाटावर बसलो आणि म्हणालो,

'मला आवाज आला होता.'

तिने लसणाची पाकळी वाटीत टाकली. 'कसला?'

'तू पडलीस त्याचा. सगळ्यांना मी खोटं सांगितलं. मला आला होता आवाज. बादलीचाही आला.'

थोडा वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'माहीत आहे मला. तुम्ही श्श केलंत ना.'

दोन महिने! दोन महिने मी तिच्यासमोर डॉक्टरांना, मुलांना, शेजाऱ्यांना समाधीची गोष्ट सांगत होतो आणि ही ऐकत होती. माझा श्श तिने त्या फरशीवर बसून ऐकला होता, आणि त्यानंतर चाळीस मिनिटे हाक मारली नव्हती.

'मग बोलली का नाहीस? सगळ्यांसमोर नाही, निदान मला तरी?'

'काय बोलायचं? तुम्हांला ऐकू आलं नसतं तर मी हाक मारली असती,' ती म्हणाली. 'ऐकू आलंय म्हटल्यावर कशाला मारायची?'

याच्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. मी तिच्या पायाशी बसून राहिलो. तिने माझ्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही; सिनेमात तसे होते. 'तो दिवस मला आठवला की अजून राग येतो,' असे तिने स्पष्ट सांगितले, आणि लसूण सोलून झाल्यावर वाटी माझ्या हाती दिली. 'फोडणीला घाला. आणि मुलांना सांगा.'

मुलांना सांगितले. मुलगा फोनवर बराच वेळ गप्प होता. मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आक्काला फोन केला तेव्हा ती म्हणाली, 'बरं झालं,' आणि पुढे कळण्याचे पीठ संपले असेल तर पाठवते असे म्हणाली.

चटई मी पुन्हा उलगडली ती त्या वर्षीच्या पावसाळ्यात. पाठ पुन्हा कुरकुरू लागली होती, आणि डॉक्टर म्हणाले, 'पूर्वी करत होतात ते करा.' या वेळी ती मी बाहेरच्या खोलीत, हिच्या पलंगाशेजारी अंथरली. आधी तिचा चहा करायचा, मग बसायचे. दार नाही, बंदी नाही. अजूनही तसेच चालले आहे. ही आता काठी टेकून घरभर हिंडते, अंगणातल्या तुळशीपर्यंत जाते. काठीचा ठक ठक आवाज येतो. कुठे थांबला, कुठे वळला, हे मला डोळे मिटून कळते. प्राणायामात मोजणी चुकते, पुन्हा सुरू करतो. दूधवाला घंटी दाबतो. मध्येच ती विचारते, 'अहो, गॅस बंद केला का हो?' मी उठून पाहून येतो. दहादा केलेला असतो, एकदा राहिलेला असतो. कॉलनीतले ते गृहस्थ अधूनमधून भेटतात. हात जोडण्याच्या आत मी त्यांना खरी हकिकत सांगितली. ती त्यांना पटली नसावी. अजूनही ते मला योगिराजच म्हणतात.

परवा आक्काला पाहायला धुळ्याला गेलो होतो. आता ती अंथरुणालाच आहे, ऐकू कमी येते. मी तिला मोठ्याने सहावा अध्याय वाचून दाखविला. भाकरी नेली होती घरून करून, फडक्यात बांधून. तिने तुकडा मोडला, बोटांनी चाचपला, तोंडात टाकला.

'काठ जाड राहिलेत अजून,' ती म्हणाली.